घोडं दाब सोडल्यावर शिकतं: मारझोड न करता घोड्याचा विश्वास कसा मिळवायचा

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा, जिथं घोड्यांचा बाजार भरतो, ती उठली की पुढं महिनाभर आमच्या भागात एकच तक्रार ऐकू येते. घोडी यात्रेत एकदम गरीब होती, घरी आणली अन् आता जवळच येऊ देईना, म्होरकी (डोक्याला घालायची दोरी) घालायला गेलं की मान वर करते, पाठ फिरवते, लाथ उगारते, "घोडी ऐकायलीच नाही हो, काय करावं?" फोन लोह्याहून येवो नाहीतर हिंगोलीहून, प्रश्न तोच. आणि सल्ला देणारेही ठरलेले. कोणी म्हणतं दोन दिवस वैरण तोडा, कोणी म्हणतं पाय बांधून आडवी पाडा म्हणजे मस्ती उतरते, कोणी काट्याचा लगाम, म्हणजे तोंडात टोचणारा, आणून हातात देतं. असं केल्यावर घोडी काही दिवस उभी राहते सुद्धा, म्हणून लोकांना वाटतं उपाय लागू पडला. मग एक दिवस पोराला पाठीवर बसवलं की तीच घोडी उधळते आणि सगळे म्हणतात, अचानक काय झालं हिला.

अचानक काही झालेलं नसतं. ते समजून घ्यायचं असेल तर घोडं हे जनावर मुळात कसं आहे इथून सुरू करावं लागतं.

आपण मराठवाड्यातली माणसं बैलांच्या संगतीत वाढलेली. कासरा, वेसण, चाबूक या सगळ्याची सवय हाताला बैलामुळं लागलेली असते आणि तीच आपण घोड्याला लावायला जातो. पण बैल अडचणीत सापडला की शिंगं रोखून उभा राहू शकतो, घोड्याकडं शिंगं नाहीत, त्याच्याकडं फक्त पाय आहेत. मोकळ्या गवताळ रानात लांडग्या-वाघाच्या भीतीत ही जात घडली, तिथं जो आधी पळाला अन् मग मागं वळून बघितलं तोच वाचला, आणि आजचे सगळे घोडे त्या वाचलेल्यांची लेकरं. त्यामुळं कुंपणाला अडकलेली कॅरीबॅग फडफडली म्हणून घोडं बुजलं तर त्याला नाठाळ म्हणू नका, त्याच्या रक्तात जे आहे तेच ते करायलंय. आणि पळायची वाट बंद केली, म्हणजे खुंट्याला आखूड बांधलं किंवा कोपऱ्यात कोंडलं, तर ते लाथेवर अन् चावण्यावर येतं.

डोळ्यांचं बघा. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळं मान न हलवता त्याला जवळपास ३५० अंशातलं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी, कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागं. आता आपण काय करतो, तर समोरून सरळ चालत जातो आणि कपाळावर हात मारतो, म्हणजे त्याला जिथं दिसत नाही नेमका तिथंच. कान दोन्ही वेगवेगळे फिरतात, एक कान तुमच्याकडं अन् एक रस्त्याकडं असं चालू असतं, घोड्याचं लक्ष कुठं आहे ते कानावरून सगळ्यात आधी कळतं. आणि कातडी इतकी नाजूक की एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून ते तिला उडवतं. माशी कळणाऱ्या जनावराला टाचेचा दणका लागतो तो काय म्हणून, हा प्रश्न प्रत्येक सवारानं स्वतःला विचारायला पाहिजे. उत्तर पुढं येईलच.

आणखी एक गोष्ट सांगतो जी मला फार महत्त्वाची वाटते. जर्मनीत बर्लिनला १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गाजत होता, बेरीज-वजाबाकीचं उत्तर टापा वाजवून द्यायचा. मालकानं कसलीही फसवणूक केलेली नव्हती, त्याला खरंच वाटायचं घोड्याला गणित येतं. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकानं नीट तपासलं आणि १९०७ मध्ये दाखवून दिलं की हान्स आकडे मोजत नव्हता, तो समोरच्या माणसाला वाचत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या अंगातला ताण नकळत सैल व्हायचा, डोकं केसभर हलायचं, तिथं हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचं गणित फसायचं. माणसांना स्वतःला न कळणारी हालचाल घोड्याला कळत होती! इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठानं २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्याचे फोटो दाखवून बघितले, रागीट चेहरा दिसला की घोडे डाव्या डोळ्यानं जास्त बघायचे आणि त्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढायचे. म्हणून घरचं भांडण डोक्यात घेऊन तबेल्यात गेलात तर तोंडानं कितीही "बस बेटा, बस" म्हणा, घोड्यापर्यंत भांडणच पोचतं. त्या दिवशी फक्त चारा टाका आणि बाहेर या.

आता मारझोड न करता शिकवायची जी पद्धत आहे, जिला जगभर नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात, ती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांकडून आली. तिकडंही आधी आपल्यासारखंच होतं, शिंगरू मोठं होईपर्यंत रानात, मग एक दिवस धरायचं, बांधायचं, पाठीवर बसायचं आणि ते दमून हार मानेपर्यंत उतरायचं नाही. टॉम डोरन्स (१९१०-२००३) आणि त्यांचे भाऊ बिल यांनी वेगळी वाट धरली, टॉमचं पाहून रे हंट शिकले, त्यांच्याकडून बक ब्रॅनमन शिकले, आणि पॅट पॅरेली, माँटी रॉबर्ट्स यांच्यामुळं हे नाव १९८० नंतर सगळीकडं पोचलं. रे हंट सांगायचे की चुकीची गोष्ट घोड्याला अवघड करा आणि बरोबर गोष्ट सोपी करा. सगळी पद्धत जवळपास यात आली. पण हे फक्त अमेरिकेचं आहे असं समजू नका. आपल्याकडं धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, जाताना बघा, मेंढरांच्या मागं संसार लादलेली भीमथडी जातीची घोडी चालत असते, पाठीवर भांडी, कोंबड्या, कधी लेकरू, बाजूला शिंगरू, आणि बऱ्याचदा तिला कोणी धरलेलं सुद्धा नसतं. त्या शिंगरानं जन्मल्यापासून माणसं, कुत्री, ताडपत्री, चूल, ट्रकचा आवाज सगळं आईच्या अंगाला चिकटून बघितलेलं असतं. या जातीची अलीकडेच देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, चांगलंच झालं, पण ज्या हातांनी ती इतकी शांत ठेवली त्यांच्याकडून शिकायला कोणी जात नाही याचं मला वाईट वाटतं.

बरं, आता मुख्य मुद्दा. घोडं शिकतं कशानं?

बहुतेकांना वाटतं दाबानं शिकतं, म्हणजे ओढलं की येतं, मारलं की पळतं. खरं तर दाब हा फक्त प्रश्न असतो, आणि दाब ज्या क्षणाला सुटतो त्या क्षणाला घोडं जे करत होतं ते त्याच्या डोक्यात उत्तर म्हणून बसतं. इतकंच आहे. पण हे इतकंच नीट कळायला माणसाला वर्षं लागतात.

उदाहरण घेऊ, घोडीला एक पाऊल मागं सरकवायचंय. तुम्ही तिच्या छातीच्या थोडं बाजूला उभे आहात. आधी फक्त अंग सरळ करून तिच्या छातीकडं बघा. काही झालं नाही तर बोट छातीकडं न्या. मग बोट केसांना लावा, मग कातडीला, मग थोडा दाब, मग थोडा जास्त, असं हळूहळू, झटका नाही, चिडणं नाही. एका टप्प्यावर ती वजन मागं घेईल, पाय उचलायच्या सुद्धा आधी, नुसतं अंग मागं झुकेल. त्याच वेळी हात काढायचा, नजर दुसरीकडं करायची आणि गप उभं राहायचं. पूर्ण पाऊल टाकायची वाट बघू नका, पहिला प्रयत्न दिसला की सोडा. सोडायला दोन-तीन सेकंदाचा उशीर झाला तर मधल्या वेळेत ती मान झटकेल किंवा पाय आपटेल आणि तिला वाटेल मान झटकली म्हणून हात निघाला. पुढच्या वेळी आधी मान झटकणार. असं काही वेळा नीट झालं की तुमच्या लक्षात येईल आता दाबाची गरजच नाही, बोट वर केलं की ती मागं सरकते, आणि पुढं नुसतं अंग सरळ केलं तरी सरकते. जे काम ताकदीनं होत नव्हतं ते नजरेवर व्हायला लागतं.

आता याच हिशोबानं सुरुवातीच्या तक्रारीकडं बघा. म्होरकी घालायला गेलात, घोडीनं मान वर केली, तुम्ही हात खाली घेतला. तिच्या बाजूनं काय झालं? मान वर केली, त्रास गेला. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवली, तुम्ही घाबरून मागं सरकलात, पाठ फिरवली की माणूस जातो हे पक्कं झालं. तुम्ही म्हणता घोडी ऐकायली नाही, ती तर एक-एक धडा मनापासून शिकलीय, फक्त शिकवणाऱ्याला माहीत नव्हतं आपण काय शिकवतोय. आणि टाचेच्या दणक्याचं उत्तरही हेच. सवार टाच मारतच राहतो, घोडं चाललं तरी मारतो, थांबलं तरी मारतो, मग टाचेचा अर्थच उरत नाही आणि घोडं ती अंगावर घेऊन गप्प चालतं. लगामाचंही तसंच. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे एक मोकळी जागा असते, लगामाची कडी तिथं बसते, खाली हाड आणि वर पातळ कातडी एवढंच. ती सतत ताणून धरली तर तोंड बधिर होतं, मग लोक आणखी कडक लगाम शोधत फिरतात.

घोडी जवळच येऊ देत नसेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगतो. पहिलं म्हणजे मागं लागायचं नाही. मोकळ्या पण कुंपण असलेल्या जागेत सोडा आणि तिच्या खांद्याच्या दिशेनं, सरळ न जाता थोडं वळसा घेऊन, निवांत चालत जा, डोळ्यात डोळे रोखू नका, म्होरकी पाठीमागं लपवू नका, ते लगेच कळतं. चालताना एका अंतरावर तिचे कान टवकारतील, मान वर जाईल, ती पळायच्या तयारीत येईल. ते अंतर तिचं आहे. ती पळायच्या आधी तुम्हीच थांबा, वळा आणि परत जा. आपण जातोय म्हणल्यावर तिला कोडं पडतं, हा माणूस घ्यायला आला होता, गेला कसा? परत या, एक पाऊल जास्त, परत जा. काही घोड्यांना अर्धा तास लागतो, काहींना आठवडा. ज्यांना आधी खूप मार बसलाय त्यांना त्याहून जास्त. जवळ गेल्यावर तोंडाला हात लावायला जाऊ नका, आयाळ जिथं संपते तिथं खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी तिथंच खाजवतात, आणि तिथं खाजवल्यावर त्यांच्या काळजाचे ठोके कमी होतात हे मोजून सिद्ध झालंय. थापट्या मारायची आपली सवय मात्र सोडा, थापटी आपल्याला आवडते, घोड्याला खाजवणं आवडतं.

थोड्या वेळानं ती ओठ चाटेल, नुसतीच चघळेल, खोल श्वास सोडेल. पुष्कळ लोक सांगतात हे शरण आल्याचं लक्षण आहे. माझं मत तसं नाही. ताण होता तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं, ताण उतरला अन् लाळ सुटली, एवढाच त्याचा अर्थ धरा. म्हणजे ती सैल झाली हे चांगलं, पण त्याआधी ती ताणात होती हेही लक्षात घ्या आणि पुढच्या वेळी ताण कमी कसा देता येईल ते बघा.

पुढारपणाबद्दल फार गैरसमज आहेत. कळपात एक दादा असतो आणि आपण त्या दादाची जागा घ्यायची, असं व्हिडिओत सांगतात, मग लोक गोल रिंगणात घोड्याला पळव पळव पळवतात, शेवटी ते वळून माणसाकडं येतं आणि सगळे टाळ्या वाजवतात की बघा, नेता मानलं. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास याच रिंगणात माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून बघितली, घोडं गाडीकडं वळलं की गाडी थांबवायची, लांब गेलं की मागं लावायची. घोडे त्या गाडीच्याही जवळ यायला शिकले! गाडीला कोणी नेता मानत नाही. म्हणजे तिथंही काम करत होतं ते दाब सुटणंच. म्हणून दमेपर्यंत पळवण्याची गरज नाही, उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्रीत तर ते अघोरी आहे, जे काम करायचं ते उजाडताना थोडा वेळ करा आणि थांबा.

मग पुढारी म्हणजे कोण? घोड्याच्या नजरेतून बघा: ज्याच्याजवळ थांबलं की काही वाईट होत नाही, जो काल जे मागत होता तेच आज त्याच खुणेनं मागतो, आणि मिळालं की सोडतो. रोज वेगळ्या मूडमध्ये येणारा माणूस घोड्याला सगळ्यात जास्त बिथरवतो. आणि एक सांगून ठेवतो, प्रेमानं शिकवणं म्हणजे अंगावर चढू देणं नव्हे. हाताखांद्यावर ढकलणारं, खिशात तोंड घालणारं, गुळासाठी बोट चावणारं घोडं लहान लेकरासाठी मारक्या घोड्याइतकंच धोक्याचं. हातानं गूळ भरवायचं बंद करा, द्यायचाच तर तोबऱ्यात (तोंडाला अडकवायच्या पिशवीत) द्या. ते तुमच्या जागेत घुसलं की चिडू नका, ओरडू नका, वर सांगितलं तसं दोन पावलं मागं सरकवा, दर वेळी. आज मागं सरकवलं अन् उद्या लाडात येऊ दिलं असं नको, त्याला ते कळत नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे जे लोक सगळ्यात शेवटी करतात, ते म्हणजे घोड्याला कुठं दुखतंय का बघणं. खोगीर घालताना चावायला येतं, बसताना पाठ आकसतं, लगाम घेताना डोकं उडवतं, यातल्या कित्येक "खोडी" दुखण्याच्या असतात. दाढांना धार येऊन गाल कापले जातात, नाल चुकीची बसते, खोगीर पाठीच्या कण्यावर टेकतं. पोटाचं तर फारच होतं, कारण घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत राहतं, निसर्गात ते दिवसरात्र थोडं-थोडं चरत असतं, आणि आपण सकाळी एकदा अन् संध्याकाळी एकदा चंदी (दाण्याचा खुराक) देऊन मधे रिकाम्या पोटी बांधून ठेवतो, त्यानं जठराला आतून जखमा होतात. चांगला कडबा, वाळलं गवत समोर सतत थोडं असू द्या. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटदुखी जीवावर बेतते. लोळायला लागलं, पोटाकडं वळून-वळून बघायला लागलं की घरगुती काढा पाजत बसू नका, डॉक्टरला बोलवा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहेत, वर्षातून एकदा दात-खूर दाखवून आणणं काही अवघड नाही. आणि एकटं घोडं खुंट्याला दिवसभर बांधलेलं असेल तर विश्वास वगैरे नंतर, आधी त्याला रोज फिरू द्या, दुसरं घोडं नसेल तर निदान म्हैस, शेळी, कोणीतरी नजरेसमोर असू द्या.

शेवटी वरातीच्या घोड्यांबद्दल, कारण आपल्याकडं आज पुष्कळ घोडे याच कामाला आहेत आणि त्यांचे हाल फार होतात. डीजे, फटाके, अंगावर पडणारी माणसं, लाईटच्या माळा, आणि हे सगळं सहन व्हावं म्हणून काट्याचा लगाम. काट्याचा लगाम १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनुसार देशात बंद आहे, तरी बाजारात मिळतो. सवय करायच्या नावाखाली घोडीला स्पीकरसमोर बांधून ठेवतात, ती आधी धडपडते, घाम फुटतो, मग गप्प होते. ती गप्प झाली म्हणजे शिकली असं नाही, सुटका नाही म्हणून तिनं आशा सोडलेली असते. डोळे थिजलेले, नाकपुड्या आवळलेल्या, कान मागं नाहीतर कुठंच न वळणारे, अंग हात लावलं की लाकडासारखं. खरंच निवांत असलेली घोडी वेगळी दिसते, मान खांद्याच्या उंचीला, एक मागचा पाय सैल टेकवलेला, खालचा ओठ लोंबलेला, कान अधूनमधून फिरतायत.

सवय अशी करा. आवाज आधी लांबून, शेतात मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर, घोडी चारा खात असताना. खाणं थांबवून मान वर केली की आवाज तेवढाच ठेवा, वाढवू नका, ती परत खायला लागली की बंद करा. काही दिवस हेच. मग थोडा मोठा, मग थोडा जवळ. दोन्ही बाजूंनी करा, उजव्या बाजूनं सवय झालेली वस्तू डावीकडून आली की नवीन वाटू शकते. फेटे, छत्री, झगमगणारी झूल, सगळं याच रीतीनं, एका वेळी एक. यात एक अख्खा पावसाळा जातो आणि जायलाच पाहिजे, लग्नसराई दिवाळीनंतरच सुरू होते. तरीही काही घोड्या डीजेजवळ कधीच निवांत होत नाहीत, मान खाली येतच नाही. अशी घोडी असेल तर ती सुपारी घेऊ नका, ज्याच्याकडं सवयीचं जनावर आहे त्याचा नंबर द्या आणि तुमची घोडी शेतावर, लेकरांना फिरवायला, गावातल्या छोट्या कामाला ठेवा.